डेलावेअर नदीवर शॅडची चढण: पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मार्च सरत आला की अमेरिकन शॅड हा मासा अटलांटिक समुद्रातून डेलावेअर नदीत शिरतो आणि अंडी घालण्यासाठी जूनपर्यंत वर वर चढत राहतो. मध्य न्यू जर्सी किंवा पूर्व पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांपासून ही नदी गाडीने तासाभरावर आहे. मिसिसिपीच्या पूर्वेला मुख्य पात्रावर एकही आडवं धरण नसलेली ही सर्वांत लांब नदी. त्यामुळे न्यू यॉर्क राज्यातल्या हॅन्कॉकपासून खाली उपसागरापर्यंतच्या सुमारे ५३० किलोमीटरांत या माशाची वाट कुठेच अडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यांतून चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा हंगाम समजावून सांगावा लागणार नाही.

काठी हातात घेण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: चढणीवरचा शॅड भुकेला नसतो. समुद्रात तो पाण्यातले बारीक जीव कल्ल्यांच्या चाळणीने गाळून खातो आणि नदीत आल्यावर जवळपास उपाशीच राहतो. आमिष शोधत तो इकडेतिकडे फिरत नाही. नाकासमोर काही चमकलं, हललं तर चिडून किंवा सवयीने तोंड मारतो, एवढंच. म्हणून रंग, ब्रँड, महागडी काठी हे सगळं नंतरचं. आमिष त्याच्या वाटेत आणि त्याच्या खोलीला गेलं पाहिजे. नवख्यांचे बहुतेक दिवस रिकामे जातात ते खोली चुकल्यामुळे.

१. आधी मासा ओळखायला शिका

डेलावेअरमध्ये वसंतात शॅडसारखे दिसणारे तीन-चार मासे एकाच वेळी असतात आणि सगळ्यांचे कायदे सारखे नाहीत. चुकीचा मासा बादलीत सापडला तर दंड तुम्हालाच.

अमेरिकन शॅड रुपेरी, चपटा आणि उंच अंगाचा. पोटाची कड करवतीसारखी खरखरीत लागते. कल्ल्याच्या मागे एक मोठा काळा ठिपका आणि त्यामागे बहुतेकदा फिकट ठिपक्यांची ओळ असते. तोंड मिटलं की खालचा जबडा वरच्या जबड्याच्या खाचेत नेमका बसतो. नर साधारण २ ते ४ पौंड, मादी ४ ते ६ पौंड, क्वचित त्याहून मोठी. या जातीचा विक्रमी मासा ११ पौंड ४ औंसांचा आहे. तो १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीवर मिळाला होता.

हिकरी शॅडचा खालचा जबडा वरच्यापेक्षा स्पष्ट पुढे आलेला असतो. गिझर्ड शॅडचं नाक बोथट असतं आणि पाठीवरच्या पराचा शेवटचा काटा लांब दोऱ्यासारखा मागे लोंबतो. एकदा तो दोरा पाहिलात की पुन्हा घोटाळा होणार नाही. एलवाइफ आणि ब्लूबॅक हे दोन छोटे हेरिंग वीतभर किंवा थोडे मोठे असतात. न्यू जर्सीत २०१२ पासून ते पकडून जवळ ठेवायला बंदी आहे, अगदी गळाला लावण्यासाठीसुद्धा. छोटा रुपेरी मासा लागला आणि नीट ओळख पटली नाही, तर तो सरळ सोडून द्या.

२. कधी जायचं, कुठे जायचं

तारखेपेक्षा पाण्याचं तापमान महत्त्वाचं. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की मासा जोमाने चढू लागतो. ५५ ते ६२ फॅरनहाइट हे सर्वांत चांगले दिवस. ६८ च्या पुढे तो अंडी घालण्यात गुंतलेला असतो, दिवसा तोंड मारत नाही आणि दमलेलाही असतो. मध्येच थंड पावसाने पाणी चार-पाच अंशांनी उतरलं तर चढण थबकते. अशा वेळी दोन-तीन दिवस थांबलेलं बरं.

नदी लांब आहे, म्हणून हंगाम खालून वर सरकत जातो. ढोबळ अंदाज असा:

- ट्रेंटन, यार्डली: मार्चअखेर ते एप्रिल
- लॅम्बर्टव्हिल, न्यू होप, बुल्स आयलंड: एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून
- फिलिप्सबर्ग, ईस्टन, बेल्विडीअर: एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला आठवडा
- डेलावेअर वॉटर गॅप, स्मिथफील्ड बीच: एप्रिलअखेर ते मेचा मध्य
- पोर्ट जर्व्हिसच्या वर हॅन्कॉकपर्यंत: मेचा मध्य ते जून

आधी नर येतात, मागून गाबोळीने भरलेल्या माद्या. एप्रिलच्या सुरुवातीला छोटेच मासे मिळाले म्हणून नाउमेद होऊ नका.

यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर ट्रेंटन, रीगल्सव्हिल, बेल्विडीअर, मॉन्टेग्यू या ठिकाणच्या नदीमापकांचे आकडे दिवसभर अद्ययावत होत असतात. पाण्याची उंची, प्रवाह आणि काही ठिकाणी तापमानही मिळतं. निघण्याआधी गेल्या आठवड्याचा आलेख बघायची सवय लावा. ट्रेंटनला वर्षभराचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे १२,००० घनफूट आहे आणि वसंतात तो याच्या कितीतरी वर जातो. आलेख चढता असेल तर पाणी गढूळ आणि काड्याकचऱ्याने भरलेलं मिळणार. पूर येऊन गेल्यावर आलेख उतरू लागतो आणि पाण्याला हिरवट झाक येते, ते दिवस साधा.

लॅम्बर्टव्हिलला लुइस कुटुंबाची मासेमारी १८८८ पासून चालू आहे. ते अजूनही होडीतून जाळं सोडून माणसांच्या हातांनी किनाऱ्याला ओढतात. हंगामात संध्याकाळी ती ओढ बघायला लोक जमतात. एकदा जाऊन उभे राहा. मासा कितपत आला आहे, नर जास्त की माद्या, हे डोळ्यांनी कळतं आणि हाताळायचा कसा हेही दिसतं.

हा लेख ट्रेंटनच्या वरच्या, भरती-ओहोटी न पोचणाऱ्या नदीपुरता आहे. ट्रेंटनच्या खाली नियमही वेगळे आणि पाण्याचं वागणंही वेगळं.

३. परवाना आणि कागदपत्रं

१६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. न्यू जर्सीत तो राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाचा, पेनसिल्व्हेनियात फिश अँड बोट कमिशनचा. दोन्ही ऑनलाइन मिळतात, शिवाय मासेमारीच्या सामानाच्या दुकानांतही. दोन राज्यांमधल्या मुख्य नदीवर दोघांपैकी कोणताही एक परवाना चालतो. मात्र उपनदीत शिरलात की त्या राज्याचाच परवाना हवा. पोर्ट जर्व्हिसच्या वर समोरचा काठ न्यू यॉर्कचा आहे, तिथे जाण्याआधी त्या राज्याचे नियम वेगळे पाहा.

लागणारी माहिती आणि कागदं:

- राहता पत्ता असलेलं फोटो ओळखपत्र, शक्यतो त्याच राज्याचा वाहन परवाना
- सोशल सिक्युरिटी क्रमांक (ऑनलाइन अर्जात विचारतात, तुमच्याकडे तो नसेल तर आधी दुकानातल्या विक्रेत्याला विचारा)
- परवान्याची छापील प्रत, प्लास्टिकच्या पाकिटात, नदीवर कायम अंगावर

इथे आपल्या लोकांची हमखास फसगत होते ती आईवडिलांच्या बाबतीत. न्यू जर्सीत ७० वर्षांवरच्या रहिवाशांना परवाना लागत नाही, हे ऐकून भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांच्या हातात काठी दिली जाते. सवलत रहिवाशांना आहे. पाहुणे म्हणून आलेल्यांना, वय कितीही असो, परराज्याच्या माणसाचा परवाना घ्यावा लागतो. त्यात थोड्या दिवसांचे, स्वस्त पर्याय असतात, पण काही एकदिवसीय परवाने ऐन वसंतात चालत नाहीत. पैसे भरण्याआधी अटी वाचा. तुमची काठी त्यांनी ‘फक्त पाच मिनिटं’ धरली तरी ती मासेमारीच धरली जाते.

ट्राउटचा वेगळा शिक्का शॅडसाठी लागत नाही.

किती मासे ठेवता येतात? अलीकडच्या हंगामांत मुख्य डेलावेअरवर दिवसाला माणशी ३ शॅड ही मर्यादा आहे. हा आकडा दर वर्षी नव्या नियमपुस्तिकेत तपासून घ्या आणि मुख्य नदीचा नियम लीहायसारख्या उपनदीला लागू आहे असं कधीही गृहीत धरू नका. चढणीच्या काळात स्ट्राइप्ड बासही याच पाण्यात असतो. त्याचे मोसम आणि मापं अगदी काटेकोर आहेत. तो लागला आणि नियम माहीत नसेल तर सोडा.

४. सामान

सुरुवातीला एवढं पुरे:

- साडेसहा ते सात फुटांचा मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, टोकाला लवचीक
- २५०० मापाचं स्पिनिंग रीळ, ज्याचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक) झटके न देता सुटतो
- ६ किंवा ८ पौंडी मोनोफिलामेंट, म्हणजे आपला साधा तंगूस
- शॅड डार्ट: १/१६, १/८, १/४ आणि ३/८ औंस, प्रत्येकी किमान चार
- छोटे फ्लटर स्पून (चमच्यासारखं पातळ, चमकतं धातूचं आमिष), चार-पाच
- बारीक स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), चिमटीने दाबायचं शिसं, पाव ते अर्ध्या औंसाची लोंबती शिशं
- लांब दांड्याची हातजाळी, रबरी जाळीची असेल तर उत्तम
- पोलराइज्ड चष्मा, नखकातर, गळ काढायचा लांब चिमटा
- थर्मामीटर, दोरीला बांधलेला
- बर्फ भरलेला कूलर (ठेवणार असाल तरच)

वेणीची ब्रेडेड दोरी मुद्दाम यादीत घेतलेली नाही. ती अजिबात ताणत नाही आणि शॅडचं तोंड कागदासारखं पातळ असतं. तंगूस ताणतो, झटका पोटात घेतो. नवख्याच्या हातात त्या ताणामुळेच अर्धे मासे वाचतात.

डार्ट म्हणजे शिशाचं निमुळतं डोकं, पुढचं तोंड तिरकं कापलेलं आणि मागे गळाला केसांचा छोटा झुपका. त्या तिरक्या तोंडावर धार आपटली की तो हलके हिसके देत पोहतो. लाल-पांढरा, लाल-पिवळा आणि पोपटी हे तीन रंग जवळ असले की काम भागतं. गढूळ पाण्यात आणि ढगाळ दिवशी पोपटी, स्वच्छ पाण्यात लाल-पांढरा किंवा मळकट रंग, असा साधा हिशोब ठेवा. नव्या डार्टच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या भोकात, अनेकदा रंग भरलेला असतो, तो घरीच टाचणीने मोकळा करा. काठावर गार पडलेल्या बोटांनी ते काम होत नाही.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहा. नखात रुतलं तर धार ठीक आहे, घसरलं तर कानस मारा. दगडांवर घासून दिवसातून दोन-तीनदा टोक बोथट होतं.

गाठ सुधारित क्लिंच: तंगूस डोळ्यातून ओवा, मोकळं टोक मूळ दोरीभोवती पाच वेढे फिरवा, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या छोट्या फासातून घ्या, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायला विसरू नका. कोरडी गाठ ओढताना तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होतो. शॅड गाठीवरून तुटला तर बहुधा हेच कारण.

ड्रॅग घरीच लावून घ्या. एक लिटरची पाण्याची बाटली पाऊण भरा, दोरी तिला बांधा आणि रॉडने उचलायला लागा. बाटली जमिनीवरून सुटता सुटता रिळाने दोरी सोडली पाहिजे. बाटली आरामात वर आली तर ड्रॅग घट्ट आहे.

५. नदीत मासा कुठे असतो

चढणारा शॅड ताकद वाचवत जातो. मुख्य धारेच्या सर्वांत जोरकस भागात नाही आणि काठाच्या साचल्या पाण्यातही नाही, तर दोन्हींच्या सीमेवर त्याची वाट असते. साधारण ४ ते १० फूट खोलीचा पट्टा, पाण्याच्या खालच्या अर्ध्यात.

काठावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे फेसाची किंवा बुडबुड्यांची एक रेघ वाहत असते. ती रेघ म्हणजे तुमचं पहिलं लक्ष्य. दुसरी जागा डोहाचं शेपूट: खोल पाणी उथळ होत पुढच्या खळाळाकडे जातं तो भाग. खालचा खळाळ चढून दमलेला कळप तिथे विसावतो. तिसरी, बेटाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या बाजूने जिथे पात्र आवळतं ती जागा. पात्र अरुंद झालं की माशांची वाटही अरुंद होते.

उजाडताना आणि संध्याकाळी मासा उथळात वर येतो, लख्ख उन्हात खोल जातो. ढगाळ दिवशी दुपारभर आशा ठेवता येते. कळप थव्याथव्याने येतात, म्हणून तासभर काहीच नाही आणि मग वीस मिनिटांत चार मासे, असं होतंच. योग्य जागा असेल तर सारखी जागा बदलू नका.

पायी पोचण्यासाठी न्यू जर्सीच्या बाजूला डेलावेअर-रॅरिटन कालव्याची पायवाट आणि पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला डेलावेअर कालव्याची पायवाट नदीला बरीच समांतर जाते. बुल्स आयलंड, बायराम, किंगवुड, यार्डली, सँड्ट्स एडी, किटाटिनी पॉइंट, स्मिथफील्ड बीच इथे सार्वजनिक वाट आहे. बऱ्याच ठिकाणी काठ खासगी आहे, कुंपण नाही म्हणून आत शिरू नका.

६. टाकणं आणि खोली साधणं

लेखातला हा भाग दोनदा वाचा.

धारेला तोंड करून उभे राहा. डार्ट समोर, किंचित खालच्या दिशेने, पलीकडच्या सीमेच्या थोडा पुढे टाका. पाण्याला टेकला की रिळावरची बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) बंद करा आणि दोरीतला ढिला भाग काढून घ्या. आता रीळ फिरवू नका. धार डार्टला कमानीत फिरवत तुमच्या बाजूच्या काठाकडे आणेल. रॉडचं टोक त्याच्याबरोबर फिरवत राहा, दोरी ताठ पण ओढलेली नाही अशी ठेवा. कमान संपून डार्ट तुमच्या थेट खाली आला की दहा सेकंद तसाच लोंबकळू द्या. कित्येक मासे नेमके याच क्षणी लागतात आणि घाईची माणसं तेव्हाच रीळ गुंडाळायला घेतात. मग हळूहळू, मध्ये मध्ये थांबत परत आणा.

आता खोली. १/८ औंसाने सुरुवात करा. तीन-चार वेळा टाकून एकदाही तळ लागला नाही तर डार्ट वरून चालला आहे. वजन वाढवून १/४ घ्या. प्रत्येक वेळी तळाला अडकतोय तर वजन कमी करा. चार-पाच टाकण्यांत एकदा दगडाला हलकीशी ‘टक’ जाणवली की खोली जमली. अंदाजाने सांगायचं तर तीन-चार फूट पाण्याला १/८, पाच-सात फुटांना १/४ आणि त्याहून खोल किंवा जोरकस धारेला ३/८. पण पाण्याचा जोर दर पन्नास पावलांवर बदलतो, म्हणून हा हिशोब जागेवर नव्याने करायचा.

वजन न बदलताही खोली बदलता येते. थोडं वरच्या दिशेने टाकलं तर डार्टला बुडायला वेळ मिळतो, खालच्या दिशेने टाकलं तर तो वर राहतो. टोक खाली धरलं तर खोल, वर धरलं तर उथळ. शेजारचा माणूस मासे काढतोय आणि तुम्हाला एकही नाही, अशा वेळी त्याचा रंग विचारण्याआधी त्याचं वजन विचारा आणि तो किती वर टाकतोय ते बघा.

संथ आणि खोल पाण्यात फ्लटर स्पून जास्त चालतो. तो स्वतः हलका असतो, त्याला खाली न्यायला शिसं लागतं. तीन तोंडांचं स्विव्हल घ्या: एका तोंडाला मुख्य दोरी, दुसऱ्याला वीतभर कमजोर तंगुसावर लोंबतं शिसं, तिसऱ्याला दोन-तीन फूट तंगूस आणि स्पून. शिसं दगडात अडकलं तर कमजोर तुकडा तुटतो, बाकीचं सामान हाती येतं.

दिवसाला पाच-सहा डार्ट दगडांना अर्पण होणार, हे धरूनच चाला. एकही गेला नाही तर तुम्ही मासा आहे त्या खोलीत नाही.

काठावर माणसांची रांग असेल तर रांगेचा ताल पाळा. शेजाऱ्याची दोरी खाली फिरून गेल्यावर तुम्ही टाका. कुणाला मासा लागला आणि तो तुमच्या बाजूने धावतोय, तर तुमची दोरी गुंडाळून घ्या. दोघांत जागा मागायची झाली तर आधी विचारा. शॅडवाले सहसा नाही म्हणत नाहीत, आणि विचारणाऱ्याला दोन गोष्टी सांगतातही.

७. लागल्यावर काय करायचं

झटका मारू नका. रॉड फक्त उचला आणि वजन जाणवलं की वाकलेला ठेवा. टोक खाली आलं, दोरी ढिली पडली, की मासा गेला. जोराने ओढलं तर गळ पातळ कातडीतून फाटून बाहेर येतो. या दोन्हींच्या मधला ताण सांभाळायचा.

शॅड पहिल्याच धावेत धारेत शिरतो आणि आपलं चपटं अंग प्रवाहाला आडवं लावतो. तेव्हा तो आहे त्याच्या दुप्पट वजनाचा वाटतो. ड्रॅग आवळायचा मोह इथेच होतो, आणि सर्वांत जास्त मासे इथेच जातात. त्याला जाऊ द्या. काठाकाठाने दहा-वीस पावलं खाली चालत जा, म्हणजे तो तुमच्या समोर येईल, आणि मग रॉड काठाच्या दिशेने आडवा धरून त्याला संथ पाण्यात वळवा. हवेत उडी मारली तर टोक क्षणभर खाली करा.

जवळ आल्यावर तो दोन-तीनदा पुन्हा धावतो. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याच्या बाजूने तिच्यावर आणा. जाळी घेऊन त्याच्यामागे धावलात तर शेपटीला स्पर्श होताच तो उसळतो. दोरी धरून मासा उचलणं तर नकोच.

८. पाण्यात आणि होडीत जीव सांभाळणं

एप्रिलमधलं पाणी १० अंशांचं असतं. त्यात पडलात तर पहिल्या मिनिटातच श्वास अडकतो आणि थोड्या वेळात हात काम करेनासे होतात. चांगलं पोहता येणंही इथे फारसं कामी येत नाही.

वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घातलात तर कमरेचा पट्टा आवळलेलाच हवा, नाहीतर पडल्यावर त्यात पाणी भरतं. तळव्याला खिळे असलेले बूट आणि हातात काठी घ्या. डेलावेअरचे गोटे शेवाळाने निसरडे असतात. गुडघ्याच्या वर जाऊ नका, जायची गरजही नसते, मासा बऱ्याचदा वीस-तीस फुटांवरच असतो. गढूळ पाण्यात पायाखालचं दिसत नसेल तर काठावरूनच टाका. लाइफ जॅकेट काठावरच्या मुलांनासुद्धा घाला.

होडीसाठी पेनसिल्व्हेनियाचा नियम असा: १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात १६ फुटांपेक्षा छोट्या होडीत, आणि कयाक-कनूत कोणत्याही लांबीच्या, लाइफ जॅकेट अंगावर घातलेलं असलंच पाहिजे. नुसतं होडीत ठेवून चालत नाही. बिनइंजिनाची होडी कमिशनच्या घाटावरून उतरवायलाही परवाना लागतो.

नांगर नेहमी होडीच्या नाळेवरून टाका. मागच्या बाजूने टाकला तर धार मागून चढते आणि होडी काही सेकंदांत भरते. नांगराच्या दोरीला तरंगता गोळा आणि पटकन सुटणारा हूक ठेवा, म्हणजे ओंडका वाहत आला तर दोरी सोडून देता येते.

लॅम्बर्टव्हिल आणि न्यू होपच्या मधला विंग डॅम नकाशावर आधी शोधून ठेवा. दोन्ही काठांकडून आत आलेले बांध आणि मधल्या फटीतून उसळणारं पाणी असं त्याचं रूप आहे. वरून येताना तो उशिरा दिसतो. नवख्याने त्याच्या वरच्या बाजूला होडी उतरवूच नये.

९. सोडायचा की ठेवायचा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शॅडचं २०२० मध्ये मूल्यांकन झालं, त्यात एकूण साठा खालावलेला ठरला. विसाव्या शतकाच्या मध्याला फिलाडेल्फियाजवळच्या पाण्यात प्रदूषणाने प्राणवायू इतका कमी व्हायचा की कळपांची वाटच बंद होत असे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर ती हळूहळू उघडली. कायदा तीन म्हणतो म्हणून तीन भरायचेच असं नाही. घरात एक वेळच्या जेवणाला एक मादी पुरते.

सोडणार असाल तर मासा पाण्याबाहेर काढूच नका. शॅडचे खवले हाताला लागताच सुटतात आणि तो लवकर मरतो. ओल्या हाताने धरा, चिमट्याने गळ फिरवून काढा, तोंड धारेकडे करून संथ पाण्यात धरा आणि तो आपल्या बळाने निसटेपर्यंत थांबा. फोटो घ्यायचा तर जाळीत, पाण्यात. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवलात तर हे सगळं दहा सेकंदांत होतं. दोरी ताठ ठेवलीत तर त्यामुळे मासे कमी होत नाहीत.

ठेवणार असाल तर लगेच डोक्यावर फटका देऊन मारा, कल्ल्यांखाली कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात पुरा. दोरीला ओवून पाण्यात ठेवलेला शॅड दुपारपर्यंत मऊ पडतो आणि चव जाते. नदीतला मासा किती आणि कुणी खावा याबद्दल राज्यांच्या आरोग्यसूचना असतात, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी. त्या आधी पाहून घ्या.

१०. साफ करणं आणि काटे

शॅड हा आपल्या पाल्याचा दूरचा नातलग, आणि काट्यांच्या बाबतीत तसाच. पाठीच्या मांसात बारीक, फाटे फुटलेल्या काट्यांच्या ओळी असतात. इथली जुनी माणसं त्यातून काटेविरहित तुकडा काढतात, पण ते कसब आहे आणि पहिल्याच माशावर जमणार नाही. आपल्याला सोयीची रीत वेगळी.

खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा, घराबाहेर. पोट चिरताना सुरीचं टोक वर ठेवा, आत खुपसू नका. मादीच्या पोटात गाबोळीच्या दोन लांब पिशव्या असतात आणि त्यांचा पडदा फार नाजूक असतो. बोटांनी सोडवून अखंड बाहेर काढा, थंड मिठाच्या पाण्यात ठेवा.

मग दोन्ही बाजूंनी, कण्यापर्यंत पोचतील असे आडवे काप द्या, दर तीन-चार मिलिमीटरवर एक. बारीक काटे त्यात तुकडे तुकडे होतात. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ कापांच्या आत चोळून अर्धा तास मुरू द्या. नंतर तुकडे करून मध्यम आचेवर, नेहमीच्या माशापेक्षा जास्त वेळ, कडक तळा. बारीक काटे कुरकुरीत होऊन चावले जातात. मोठे काटे आणि कणा मात्र राहतातच, लहान मुलांना सोडवून द्या. कालवण करायचं असेल तर शेपटीकडचे तुकडे टाळा, काट्यांची दाटी तिथेच जास्त.

गाबोळी थेट गरम तेलात टाकू नका. अंड्यांतलं पाणी वाफ होऊन पिशवी फुटते आणि दाणे तेलासकट अंगावर उडतात. आधी मिठाच्या, न उकळणाऱ्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवा. घट्ट झाली की निथळून तिखट-मीठ लावा, रव्यात घोळवा आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी तांबूस होऊ द्या. मध्यभागी गुलाबी दिसली तर अजून दोन मिनिटं.

आतडी आणि खवले उद्यानाच्या कचरापेटीत टाकू नका, वासाने अस्वलं येतात, विशेषतः वॉटर गॅपच्या बाजूला. पिशवीत गुंडाळून घरी फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळी बाहेर काढा.